पाच लाखांचं कार्ड आणि बारा फेऱ्यांची दाढी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ४०,८९१ जणांची नोंद लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात झाली. राज्याची लोकसंख्या तेव्हा ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे लाखामागे ३६. पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून त्या वेळी आठ लाखांहून थोडे अधिक लोक होते. राज्याचं प्रमाण जसंच्या तसं इथं लावलं तर आकडा तीनशेच्या आसपास येतो. हा आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे. त्या एका रकान्यात हिजडा समाजातल्या व्यक्ती, पारलिंगी स्त्रिया, पारलिंगी पुरुष, इंटरसेक्स असे सगळेच कोंबले होते. शिवाय घरच्यांनी प्रगणकाला ‘पुरुष’ सांगितलं की तेच लिहिलं जाणार, आणि गावात निभत नाही म्हणून पुण्या-मुंबईला गेलेल्यांची मोजणी तिकडेच होणार. तरी कुठल्यातरी आकड्यावर पाय रोवावा लागतो. पुढच्या हिशेबाला तीनशे धरू.

आता दुसरा आकडा. रोज दाढीला दहा मिनिटं लागतात असं धरलं तर वर्षाला जवळपास ६१ तास होतात, दहा वर्षांत ६०८. पुरुषाच्या आयुष्यात हे तास आंघोळीसारखे निघून जातात, कुणी मोजत नाही. पारलिंगी स्त्रीच्या बाबतीत त्यांचा हिशेब वेगळा पडतो. सकाळी केलेल्या दाढीची निळसर सावली दुपारी पावडरीतून वर येते आणि एसटीतल्या शेजारणीची नजर हनुवटीवर थांबते. नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याची खोली बघताना, बाजारातही तेच होतं. आवाज खाली ठेवता येतो, उंचीचं कुणी बोलत नाही. पण दाढी रोज नव्यानं उगवते.

डेऱ्यांमध्ये, म्हणजे हिजडा समाजातल्या गुरू-चेल्यांच्या एकत्र घरांमध्ये, यावरचा जुना उपाय म्हणजे चिमटा. नव्या चेल्याला वस्तऱ्यापासून दूर राहायला सांगतात, कारण वस्तऱ्यानं खुंट राहतो. चिमट्यानं केस मुळासकट येतो आणि काही दिवस चेहरा स्वच्छ राहतो. हे निरीक्षण अगदी खरं आहे. अडचण एवढीच, की केस उपटला तरी तो ज्या पेशींपासून तयार होतो त्या त्वचेतच राहतात आणि काही आठवड्यांत नवा केस तयार होतो. वर्षानुवर्षं उपटल्यानं काही केस आतल्या आत वळतात, पुटकुळ्या येतात, काळे डाग राहतात. मग त्या डागांवर दुकानातून आणलेलं गोरं करणारं क्रीम लावलं जातं. अशा कित्येक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं आणि त्यानं कातडी पातळ होते. सरकारनं २०१८ मध्ये त्वचेवर लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला खरा, क्रीम अजून सहज मिळतं.

आणखी एक समज आधी बाजूला ठेवायला हवा. ‘गोळ्या सुरू केल्या की दाढी जाईल’ किंवा ‘निर्वाण (परंपरेनं होणारं लिंगछेदन) झालं की जाईल’ असं अनेकींना सांगितलेलं असतं. तसं होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉननं एकदा जाड केलेला दाढीचा केस संप्रेरक थांबल्यावर मागे फिरत नाही. इस्ट्रोजेन आणि पुरुषी संप्रेरक रोखणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर हातापायांचे, छातीचे केस विरळ आणि मऊ होऊ लागतात. पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपॅथच्या मार्गदर्शनानुसार हा बदल दिसायला ६ ते १२ महिने लागतात आणि पूर्ण परिणाम यायला तीन वर्षांहून जास्त काळ जातो. दाढीची वाढ मंदावते, पण दाढी उरते. औषधांचा खरा उपयोग पुढे आहे: लेझरनं केस घालवल्यावर नवे बारीक केस जाड होऊ नयेत यासाठी.

मग घालवायची कशी? खऱ्या अर्थानं वाटा दोनच आहेत, सुई आणि प्रकाश.

सुईची वाट जुनी. १८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीचे आत वळलेले, बुबुळाला घासणारे केस काढण्यासाठी केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. त्वचेतल्या मिठाच्या पाण्यातून तिथल्या तिथं किंचित कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो केसाचं मूळ जाळतो. यालाच इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. नंतर उष्णतेनं मूळ जाळणारी पद्धत आली, मग दोन्हींचं मिश्रण आलं. केस काळा असो वा पांढरा, कातडी गोरी असो वा सावळी, सुईला फरक पडत नाही. अमेरिकेचं औषध प्रशासन ‘कायमचे केस काढणं’ असं फक्त याच पद्धतीबद्दल म्हणू देतं. लेझरला तिथं ‘कायमची घट’ एवढंच म्हणता येतं.

पण सुई एका वेळी एकच केस घेते. चेहऱ्यावर दाढीचे दहा हजार केस धरू. प्रत्यक्षात ते याहून बरेच जास्तही असतात. एका केसाला वीस सेकंद धरले तर दोन लाख सेकंद, म्हणजे साडेपंचावन्न तास झाले. हा एकच हात फिरला. दाढीचे साधारण ७० टक्के केस एका वेळी वाढत असतात, बाकीचे त्वचेखाली विश्रांती घेत असतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी वर येतात. काही मुळं पहिल्या झटक्यात मरत नाहीत. म्हणून पूर्ण चेहऱ्यासाठी १०० ते ३०० तास सांगितले जातात. मधला आकडा, २०० तास, घेतला आणि आठवड्याला दोन तास बसलं, तर शंभर आठवडे झाले. इंदापूरहून पुणे जाऊन-येऊन सुमारे २८० किलोमीटर पडतं. शंभर फेऱ्यांचे २८,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचे ७० टक्के. दाढीसाठी. आणि हे पुण्यात एवढे तास देणारं, सुईचा हात बसलेलं माणूस मिळालं तर. आपल्याकडे केसांसाठी सुई धरणारे थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक हनुवटीवरचे चार-पाच केस काढून देणारे.

प्रकाशाची वाट नवी आहे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं, की योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढ्या क्षणापुरता सोडला तर आजूबाजूची कातडी न जाळता त्वचेतली हवी ती रंगीत गोष्टच तापवता येते. केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, प्रकाश शोषतो, तापतो आणि ती उष्णता मुळापर्यंत जाते. १९९६ मध्ये रुबी लेझरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि काही वर्षांतच हे यंत्र जगभर पोहोचलं. आता ‘लेझर हेअर रिमूव्हल’ची पाटी तालुक्याच्या गावातही दिसते. पूर्ण चेहऱ्याला एका बैठकीत अर्धा तास पुरतो.

इथं गणित शिकवणीतल्या चक्रवाढ व्याजासारखं, फक्त उलटं चालतं. एका बैठकीत उरलेल्या केसांपैकी वीस टक्के कायमचे जातात असं मानू. दहा हजारांचे पहिल्या बैठकीनंतर ८,००० राहतात, तिसऱ्यानंतर ५,१२०, सहाव्यानंतर सुमारे २,६००, आठव्यानंतर १,७०० आणि बाराव्यानंतर जेमतेम ७००. वीस टक्के हा माझा सोयीचा आकडा. प्रत्येक चेहऱ्याला तो वेगळा असेल. पण उताराचा आकार हाच असतो. सुरुवातीला धडाधड घट, नंतर रेंगाळणं, आणि शून्य कधीच नाही. ‘सहा सीटिंगमध्ये कायमची सुटका’ असं पॅकेज विकणारे या रेंगाळण्याच्या टप्प्यावर गिऱ्हाइकाला मोकळं करतात. ते पॅकेज बहुतेकदा बायकांच्या काखेसाठी आखलेलं असतं. पुरुषी दाढीचे केस दाट, खोल आणि संप्रेरकांवर पोसलेले. तिथं आठ ते बारा बैठका धरूनच निघावं.

पण बारा बैठकांनंतर उरलेल्या त्या सातशे केसांकडे नीट बघा. वीस सेकंदांच्या हिशेबानं सुईला ते चार तासांचं काम. दुसरा-तिसरा हात धरला तरी दहा-बारा तास. म्हणजे २०० तासांची सुई आधी सहा तासांच्या लेझरनं खाली आणता येते. या दोन वाटांमध्ये निवड करायचीच नसते. आधी प्रकाश, मग सुई, असा क्रम लावायचा असतो. बारामती-इंदापुरातल्या पारलिंगी स्त्रीसाठी सगळ्यात मोलाची माहिती मला हीच वाटते, आणि ती जाहिरातीत सापडत नाही, कारण लेझर विकणारा सुई विकत नाही.

हा क्रम मोडावा लागतो तो एकाच कारणानं: वय. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, त्यामुळे लेझरला तो दिसतच नाही. पंचविशीतल्या चेल्याची दाढी बारा बैठकांत उतरेल. तिच्या पन्नाशीतल्या गुरूच्या दाढीतला पांढरा भाग सुईशिवाय हलणार नाही. ज्यांना करायचं आहे त्यांनी केस काळे आहेत तोवर सुरू करावं हे बरं. पैसे साठवण्यात दहा वर्षं घालवली तर पुढचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

कातडीचा प्रश्न आपल्याकडे याहून नाजूक. १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला कातडी कशी प्रतिसाद देते त्यावरून प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले. भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. म्हणजे केसात मेलॅनिन, तसंच कातडीतही मेलॅनिन. लेझरला दोन्ही काळेच. तरंगलांबी जितकी जास्त तितकं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि प्रकाश खोल जातो. रुबी ६९४ नॅनोमीटरचा, अलेक्झांड्राइट ७५५ चा, डायोड साधारण ८१० चा, एनडी-याग १०६४ चा. सावळ्या चेहऱ्यासाठी १०६४ सर्वांत सुरक्षित, सांभाळून वापरला तर डायोडही चालतो. ७५५ नं भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका वाढतो. बारीक लवेवर १०६४ कमी पडतो, पण दाढीचा जाड काळा केस त्याला चांगला सापडतो. म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न ‘किती पैसे?’ असू नये. ‘यंत्र किती नॅनोमीटरचं आहे?’ हा असावा. उत्तर देता न येणाऱ्या माणसाच्या हाती चेहरा देऊ नये. ऑनलाइन मिळणारी, प्रकाशाच्या झोतानं केस काढणारी घरगुती आयपीएल यंत्रं तर बाजूलाच ठेवावीत. गडद कातडीवर आणि पुरुषांच्या दाढीच्या भागावर वापरू नका, असं बऱ्याच यंत्रांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं.

एक विचित्र धोकाही आहे. काही जणांना लेझरनंतर त्या भागाच्या कडेला केस कमी होण्याऐवजी वाढतात. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण ०.६ ते १० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे, आणि ते मुख्यतः चेहऱ्यावर, सावळ्या वर्णात आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्यांत. म्हणून दर बैठकीला कोणता भाग, किती जोर, काय परिणाम याची नोंद ठेवणारा डॉक्टर हवा. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं २००८ मध्येच लेझर केस-घटीची मार्गदर्शक तत्त्वं छापली आहेत.

तयारीचे नियम शहरी गिऱ्हाइकाला सोपे, आमच्याकडे अवघड. लेझरच्या आधी चार ते सहा आठवडे चिमटा, दोरा, वॅक्स सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर प्रकाशाला तापवायला काही उरत नाही. वस्तरा चालतो, किंबहुना तोच चालवायचा असतो. आयुष्यभर वस्तऱ्याला हात न लावलेल्या डेऱ्यातल्या बाईला हे ऐकून धक्का बसतो. सुईचं उलटं: पकडण्याएवढा केस दिसायला हवा, म्हणजे दोन-तीन दिवसांचा खुंट वाढवायचा. बाजारात पैसे मागून पोट भरणाऱ्या बाईनं तीन दिवस खुंटासह दुकानांपुढं उभं राहायचं, नाहीतर तीन दिवसांची कमाई सोडायची.

मग ऊन. बैठकीच्या आधी आणि नंतर काही आठवडे चेहऱ्याला ऊन लागू द्यायचं नाही, सनस्क्रीन लावायचं. सोलापूर हायवेच्या टोलनाक्यावर किंवा उसाच्या फडात एप्रिलमध्ये दिवस काढणाऱ्याला हे सांगणं म्हणजे थट्टाच. त्यावर व्यवहारी तोड एवढीच, की बैठका पावसाळा आणि हिवाळ्यात दाटीनं घ्याव्यात आणि मार्च ते मे मोकळा ठेवावा. वर्ष लांबेल, पण चेहरा राहील. कपाळावर, हनुवटीवर गोंदण असेल तर ते आधी दाखवावं. गोंदणाची शाई प्रकाश शोषते आणि तिथं कातडी भाजते. मेकअपचा कणही राहू देऊ नये. जेजुरीहून येताना वाटेत दवाखाना गाठायचा असेल तर भंडाराही धुऊनच जावं. आणि बधिर करणारं क्रीम पूर्ण चेहऱ्यावर जाड थापून वर प्लास्टिक गुंडाळू नये; औषध रक्तात उतरून अमेरिकेत तरुणींचे जीव गेले आहेत.

निर्वाणाऐवजी रुग्णालयात योनिनिर्मितीची शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल तर केस काढण्याला आणखी एक कारण मिळतं. ज्या कातडीतून आतली भिंत घडते तिथले केस आधी गेले नाहीत तर ते पुढे आतच वाढतात. त्यासाठीच्या बैठका शस्त्रक्रियेच्या तारखेआधी बरेच महिने सुरू व्हाव्या लागतात. तारीख ठरल्यावर हे कळणं फार उशिराचं असतं.

आता पैसे. दवाखान्यागणिक दर वेगळे, म्हणून एक मध्यम रक्कम गृहीत धरते: पूर्ण चेहऱ्याच्या एका बैठकीचे ३,००० रुपये. बारा बैठकांचे ३६,००० रुपये. बारामती-पुणे जाण्यायेण्याचे, चहापाण्याचे पाचशे धरले तर आणखी ६,०००. एकूण ४२,०००. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं ही १३५ दिवसांची कमाई झाली, आणि फेऱ्यांत बुडालेले बारा दिवस वेगळेच.

इथं कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ चा. त्याच्या कलम १५ मध्ये सरकारनं द्यायच्या आरोग्यसेवांची यादी आहे. त्यात विम्यानं भरून द्यायच्या खर्चात लिंगबदल शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांच्या शेजारी लेझर उपचार हे शब्द स्पष्ट लिहिले गेले. संसदेनं केस काढणं सौंदर्याच्या खात्यात टाकलं नाही, उपचारात टाकलं. डब्ल्यूपॅथनंही २०२२ च्या आठव्या आवृत्तीत ते काळजीचा भाग मानलं आहे.

त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०२२ ला, केंद्राच्या सामाजिक न्याय विभागानं आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं करार केला आणि आयुष्मान भारत टीजी प्लस योजना जाहीर झाली: ओळख प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येक पारलिंगी व्यक्तीला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. आपल्या ४२,००० चं या रकमेशी प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे पैसा कमी पडत नाही. अडतं ते साच्यात. आयुष्मानचा मूळ साचा रुग्ण दाखल होतो, उपचार होतो, घरी जातो, असा आहे. लेझर म्हणजे बारा वेळा ओपीडीत येऊन अर्ध्या तासात परत जाणारी बाई. पाच लाखांचं कार्ड पर्समध्ये असतं आणि तीन हजारांची पावती तिलाच फाडावी लागते. दाखल होण्याजोगी मोठी शस्त्रक्रिया परवडते आणि रोज आरशात दिसणारी दाढी परवडत नाही, असा उलटा न्याय त्यातून तयार होतो.

पुण्यात काही वर्षं पारलिंगींसाठी स्वतंत्र दवाखाना होता. २०२१ मध्ये हैदराबादेत पहिलं मित्र क्लिनिक सुरू झालं, मग कल्याण आणि पुणे. संप्रेरकांचा सल्ला, समुपदेशन, एचआयव्ही तपासणी, कायद्याची मदत, सगळं एका छताखाली. पैसा यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा होता. २०२५ च्या सुरुवातीला तो गोठला आणि तिन्ही क्लिनिकं बंद पडली. दुसऱ्या देशातल्या एका निर्णयानं बंद होणाऱ्या जागेवर वर्ष-दीड वर्ष चालणारा उपचार टांगून ठेवता येत नाही.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शंभर जागांचं. आता त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की त्वचारोग विभाग आला. इंदापूरहून बारामती सुमारे पन्नास किलोमीटर; बारा फेऱ्यांचे १,२०० किलोमीटर, पुण्याच्या बारा फेऱ्यांचे ३,३६०. सुरुवातीच्या तीनशे जणांपैकी निम्म्या, दीडशे स्त्रियांना पूर्ण चेहऱ्याचा उपचार हवा असं धरू. दीडशे गुणिले बारा, अठराशे बैठका. अर्ध्या तासाच्या हिशेबानं ९०० तास. दिवसाला सहा तास यंत्र चाललं तर १५० दिवस, म्हणजे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, तेही एकच १०६४ चं यंत्र. उरलेल्या तीन दिवसांना गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही: पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडामुळे हनुवटीवर जाड केस येणाऱ्या मुली त्याच विभागात येतात आणि त्यांना हेच यंत्र, हेच वेळापत्रक लागतं. एका बाकावर दोघी बसल्या तर कोण कशासाठी आली आहे हे कळायचं कारणही नाही. लेझरनंतर उरलेल्या सातशे-सातशे केसांसाठी, प्रत्येकीचे दहा तास धरून, दीडशे जणींचे १,५०० तास लागतील. वर्षभर आठवड्यातून पाच दिवस सुई चालवणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ त्याला पुरतो.